ऐकू आलं, ऐकलं

पिल्ले मॅडमनी माझ्यासमोर दोन कोरे कागद ठेवले, मध्ये कार्बन सरकवला आणि विचारलं, "हिअर लिहिणार की लिसन?"

मी म्हटलं, जे झालं ते लिहिते.

"जे झालं त्याला इथे दोनच शब्द आहेत," त्या म्हणाल्या. "हिअर लिहिलंस तर ताकीद. लिसन लिहिलंस तर घरी. चार वाजेपर्यंत दे."

१९७८चा मार्च, शनिवार, दुपारचे सव्वाबारा. गावाचं नाव सांगत नाही. वर्ध्याच्या खालच्या अंगाचं, जिनिंगच्या दोन गिरण्या असलेलं तालुक्याचं गाव, आणि त्याचं टेलिफोन एक्स्चेंज: एक लांब खोली, तीन बोर्ड, तीन उंच खुर्च्या, दीडशे नंबर. मी इंदू वैरागडे, वय बावीस, ट्रंक ऑपरेटर, म्हणजे बाहेरगावचे कॉल जोडणारी. नोकरी अजून कायम व्हायची होती आणि घरात कमावणारी मी एकटी. पिल्ले मॅडम आमच्या सुपरवायझर. जन्म कामठीचा, मराठी नागपुरी वळणाची, आणि इंग्रजी असं की वरचे साहेब त्यांच्याकडून पत्रं तपासून घ्यायचे.

टेबलावर आणखी एक कागद होता, टाइप केलेला. तक्रार. नंबर शेहेचाळीस, अ‍ॅडव्होकेट दामोदर टेंभेकर यांची. मंगळवारी रायपूरहून त्यांच्या मुलीचा कॉल आला होता. ऑपरेटरने ते खासगी बोलणं 'लिसन' केलं, आणि त्यांनी न उच्चारलेला शब्द त्यांचा म्हणून मुलीला सांगितला. परिणामी मुलगी सासरचं घर सोडून आली आहे. लिसन या शब्दाखाली टाइपरायटरनेच रेघ मारलेली होती.

"वकील आहे," मॅडम म्हणाल्या. "चुकून नाही लिहिला त्याने."

नोकरीच्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला या दोन क्रियापदांतला फरक शिकवला होता. खिडकीतून गिरणीचा भोंगा ऐकू आला. त्या म्हणाल्या, भोंगा वाजला, हे हिअर. आज चार मिनिटं उशिरा वाजला, आतमध्ये काही बिघडलं असेल का, हे लिसन. हेडफोन डोक्यावर चढवला की भोंगा फक्त वाजतो. लाइनवर कोण रडतंय, कोण कोणाला फसवतंय, ते तुझ्या कानातून जाणार. जाऊ द्यायचं. थांबवायचं नाही.

मी मान डोलावली होती. मराठीत मला तो फरक माहीतच होता. ऐकू येणं वेगळं, ऐकणं वेगळं. त्यात शिकण्यासारखं काय, असं मनात म्हटलंही असेल.


पहिला कागद

'दि. ७ मार्च रोजी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी रायपूरच्या तारघरातून आलेला अर्जंट कॉल मी नंबर ४६ला जोडला. लाइन खराब असल्याने दोन्हीकडचे शब्द मी पोचवले. पोचवण्यापुरतेच ते मला ऐकू आले. जे ऐकू आले ते जसेच्या तसे सांगितले.'

इंग्रजीत हे चार ओळींत बसलं. मॅडमनी उभ्या उभ्या वाचलं आणि म्हणाल्या, "अगदी बरोबर. सही कर."

मी सही केली नाही.

शेवटचं वाक्य खोटं होतं. आणि ते खरं मानलं गेलं असतं तर टेंभेकर वकील खोटे ठरले असते.


कागदाबाहेर

लाइन खराब असली की ऑपरेटर मधे बसते. आमचा हेडफोन चांगला, त्यात आम्ही दोन्ही टोकांच्या मधोमध, त्यामुळे ज्यांना एकमेकांचं ऐकू येत नाही त्यांचंही आम्हाला येतं. मग 'ते म्हणतायत' एवढं आपलं लावायचं आणि पुढे त्यांचा शब्द. तेरवीचा दिवस, कापसाचा भाव, नवरीची उंची, सगळं या दोन शब्दांना टांगून पलीकडे जायचं. आपलं काही घालायचं नाही, त्यांचं काही गाळायचं नाही.

टेंभेकरांचा रायपूरचा कॉल दर रविवारी सकाळी दहाला असायचा. मुलगी कुंदा तिथे दिलेली, लग्नाला दोन वर्षं झालेली. सासरच्या दिवाणखान्यात फोन. वकील विचारायचे, "कुंदा, सगळं ठीक आहे ना?" मग मला म्हणायचे, "बाई, लाइन फार खराब आहे. काय म्हणते?" मी सांगायची, त्या ठीक आहे म्हणतायत. मग पाऊसपाणी, आईचा गुडघा, धाकट्या दिराची परीक्षा. तीन मिनिटं झाली की मी 'तीन मिनिटं' म्हणायची, ते 'बरं बरं' म्हणायचे, आणि बोर्डावरचा दिवा विझायचा.

लाइन कधीच खराब नव्हती.

हे मला तिसऱ्या-चौथ्या रविवारी कळलं. रायपूरचा आवाज शेजारच्या खोलीतून यावा तसा येत होता, आणि वकील म्हणत होते, काहीच कळत नाही. आणखी एक लक्षात आलं. मी घाईत, नेहमीच्या आवाजात बोलले की त्यांना माझंही कळत नसे. आवाज खाली उतरवून, एकेक शब्द सुटा करून बोलले की कळे. कुंदाचा आवाज बारीक होता. तो त्यांच्यापर्यंत पोचणं शक्यच नव्हतं. तिला मात्र वडिलांचं सगळं स्वच्छ ऐकू यायचं, त्यामुळे तिलाही वाटायचं की लाइनच एका बाजूने खराब आहे.

नंतर एकदा बिलाच्या कामाने मी कोर्टाच्या आवारात गेले तर ते साक्षीदाराची उलटतपासणी घेत होते. पाहत राहिले. त्यांची नजर साक्षीदाराच्या डोळ्यांवर नव्हती, तोंडावर होती. न्यायाधीश बोलले की चटकन तिकडे. लोक म्हणत, टेंभेकरांची नजर काय आहे, समोरचा हलू शकत नाही. मी कोणाला काही बोलले नाही. लाइनवर ऐकू आलेलं बाहेर न्यायचं नाही, हा तर नियमच होता. आणि न ऐकू आलेलंही त्याच्यातच धरायचं, असं मी ठरवून टाकलं.

तर मंगळवार.

रविवार नसताना रायपूर लागलं, तेही तारघरातून, तेही अर्जंट. मी शेहेचाळीस जोडला. वकील कोर्टात निघाले होते. आणि त्या दिवशी लाइन खरोखरच खराब होती. इतके महिने ते म्हणत होते तशी. खरखर, मधेच कोणीतरी तेलुगूत बोलणारा. कुंदा पहिल्यांदाच मला उद्देशून बोलली. म्हणाली, बाई, बाबांचा आवाज येत नाही, तुमचा येतो, तुम्हीच सांगा.

मग तिने जे सांगितलं ते मी तुकड्यातुकड्यांनी खाली उतरवलेल्या आवाजात वडिलांना दिलं. घरात तिच्याशी कोणी बोलत नाही. चार महिने झाले. मारत नाहीत, उपाशी ठेवत नाहीत. नवरासुद्धा पाटीवर लिहून ठेवतो, काय हवं ते. ती खोलीत आली की सगळे गप्प होतात. रविवारी फोन आला की सासूबाई शेजारी येऊन उभ्या राहतात आणि तेवढ्यापुरतं 'बोल' म्हणतात. आठवड्यातला तोच एक शब्द.

हे सगळं तिने न रडता सांगितलं. यादी वाचावी तसं. शेवटी म्हणाली, "विचारा, मी येऊ का."

मी विचारलं. "ती म्हणतेय, मी, येऊ, का."

वकील बोलले ते मुलीशी नाही, माझ्याशी. "म्हणावं, आत्ता नको. स्वतः घर सोडलं तर उद्या कायद्यात तिचीच बाजू लंगडी पडेल. पाडवा होऊ दे. मी जावईबापूंना पत्र लिहितो. म्हणावं, समजुतीनं घे."

वाईट उत्तर नव्हतं ते. आजही मला तसं वाटत नाही. वकिलाने अशिलाला दिलेला शहाणा सल्ला होता. पाडवा महिन्याभरावर होता.

पलीकडून कुंदा विचारत होती, काय म्हणाले? बाई, काय म्हणाले?

मी घाईत, नेहमीच्या आवाजात म्हणाले, "ते म्हणतायत, ये."

वकिलांच्या कानाला रिसीव्हर होता. त्यांना ते पोचलं नाही.

"खरंच?" कुंदा म्हणाली.

"ये म्हणतायत. तीन मिनिटं झाली."

झाली नव्हती. तीस-पस्तीस सेकंद शिल्लक होते. मी बोर्डातला दोर ओढून लाइन तोडली.

ती गुरुवारी सकाळच्या पॅसेंजरने आली. एक ट्रंक आणि बादलीत ठेवलेली चार भांडी घेऊन. वडिलांना म्हणाली, तुम्ही ये म्हणालात ना. वकील घराच्या दारात उभे होते आणि शेजारचे पाहत होते, म्हणून 'हो, आत ये' म्हणाले. हे मला नंतर कुंदानेच सांगितलं. शुक्रवारी त्यांनी तक्रार टाइप केली. सासरकडून नोटीस येणार हे त्यांना दिसत होतं. 'मुलीला मी बोलावलं नाही' हे कुठल्यातरी सरकारी कागदावर आधी यायला हवं होतं. मुलीच्याच भल्यासाठी: ती आपणहून नाही, दुसऱ्याच्या चुकीने आली असं दिसायला हवं.

आणि राग. तो तर होताच. आयुष्यभर जो माणूस शब्द मोजून बोलला, त्याच्या तोंडात कोणीतरी एक शब्द ठेवला होता.


दुसरा कागद

हा माझा नाही, मॅडमचा. एक वाजता त्या डबा उघडून माझ्यासमोर बसल्या आणि बोलता बोलता तोंडी सांगत गेल्या.

त्यांना माहीत होतं. मॉनिटरच्या टेबलावरून त्या आमच्या लाइनवर येऊ शकायच्या, ते त्यांचं कामच होतं. दोन-तीन रविवार त्यांनीही शेहेचाळीस तपासला होता.

"लिही. लाइन चांगली असतानाही सदर ग्राहक आपल्या विनंतीवरून ऑपरेटरकडून बोलणं पोचवून घेतात, कारण त्यांना ऐकू येत नाही. कागदोपत्री दाखव. किती रविवार झाले, मोज. मग मंगळवारी तू मधे होतीस ती त्यांच्याच सवयीने. चूक झाली असेल, गडबडीत झाली असेल. आणि ज्याला ऐकूच येत नाही तो कसा सांगेल की तू काय म्हणालीस? तक्रार तिथेच पडते."

मी म्हटलं, ते वकील आहेत, मॅडम.

"मग?"

"बहिऱ्या वकिलाकडे कोण जाईल?"

"तू नको जाऊ. तुझ्याकडे कुठे खटला आहे?" त्यांनी लोणच्याची फोड बाजूला सारली. "तुझी नोकरी जाऊन राहिली, पोरी. त्याची जाईल म्हणून तू रडते. काहून?"

मी म्हटलं, लाइनवरचं बाहेर न्यायचं नाही असं तुम्हीच शिकवलंत.

"आणि लाइनवर काही घालायचं नाही, तेही मीच शिकवलं."

मी त्यांच्याकडचा थोडा दहीभात खाल्ला. त्या बोर्डावरच्या मुलीला काहीतरी सांगायला उठून गेल्या. तो दुसरा कागद कोराच राहिला.


तिसरा कागद

'लाइन खराब होती. दोन्हीकडचे बोलणे मी पोचवत होते. श्री. टेंभेकर ये म्हणाले नाहीत. तो शब्द माझा. केवळ ऐकू आले असते तर मी त्यांचाच शब्द पुढे दिला असता. मी ऐकले.'

इंग्रजीत शेवटचं वाक्य दोन शब्दांचं होतं. सही केली तेव्हा चारला दहा कमी होते.

मॅडमनी वाचलं. तामिळमध्ये काहीतरी पुटपुटल्या, मला समजू नये म्हणूनच. मग वरचा कागद फाइलला लावला, खालची प्रत उजेडात धरून पाहिली आणि म्हणाल्या, "कार्बन छान उठला."


सोमवार

चौकशीला नागपूरहून बारलिंगे साहेब आले. पन्नाशीचे, पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं. स्वभावाने मऊ माणूस, आवाजाने त्याहून मऊ. बोलताना मान वर करत नसत. जे बोलायचं ते पुढ्यातल्या कागदालाच सांगत आणि लिहून घेत.

मॅडमच्या खोलीत चौघे होतो. बारलिंगे टेबलाच्या पलीकडे, मॅडम त्यांच्या डाव्या हाताला, समोर टेंभेकर, आणि मी भिंतीला लागून उभी. कुंदा बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर होती. साक्षीला लागली तर असावी म्हणून वकिलांनी तिला आणलं होतं. येता येता मी तिला पहिल्यांदा पाहिलं. आवाजावरून मला वाटायची त्याहून उंच होती. तिला मी कोण ते माहीत नव्हतं.

बारलिंग्यांनी आधी मला विचारलं. हा खुलासा तुमचाच? हो. कोणी सांगून लिहिला? नाही. मग त्यांनी पेन त्या शेवटच्या वाक्यावर ठेवलं.

"लिसन्ड लिहिलंय तुम्ही. हर्ड म्हणायचं असेल. आपल्याकडे गल्लत होते. बदलायचं असेल तर बदला, मी थांबतो."

पिल्ले मॅडमनी माझ्याकडे पाहिलं नाही. खिडकीकडे पाहत होत्या.

"गल्लत नाही, साहेब," मी म्हणाले. "हर्ड रविवारी व्हायचं. मंगळवारी लिसन्ड."

रविवार कुठला, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांनी 'बदल नाही' असं लिहिलं, उसासा टाकला, आणि मान खालीच ठेवून पुढचा प्रश्न विचारला. तो टेंभेकरांना होता. तक्रारदाराने आपल्या तोंडाने सांगायचं असतं, ते लिहून घ्यायचं असतं, मग खाली सही. रीतसर. सगळं मी कबूल केलेलंच होतं. एका वाक्यात संपणार होतं.

टेंभेकर काहीच बोलले नाहीत.

बारलिंग्यांनी लिहिता लिहिता पुन्हा विचारलं. आवाज तोच. त्यांचं तोंड कागदाकडे होतं, आणि वर टक्कल.

मला वकिलांची पाठ दिसत होती. आधी ती थोडी पुढे झुकली. मग त्यांनी घसा साफ केला. बारलिंगे पेन थांबवून वाट पाहत होते, पण मान काही वर करत नव्हते. पंख्याचा आवाज होता. मग टेंभेकर खुर्चीत अर्धे वळले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

ठरवून नाही. सवयीने. दर रविवारी 'काय म्हणते?' विचारायचे, तसं. माझा चेहरा त्यांनी त्याआधी कधी पाहिला नव्हता, मी टेलिफोनमधला आवाज होते. पण मान वळली ती माझ्याकडेच.

मी भिंतीपासून एक पाऊल पुढे आले. आवाज खाली उतरवला. शब्द सुटे केले.

"साहेब विचारतायत. मंगळवारी. तुम्ही. मुलीला. काय म्हणालात."

बारलिंग्यांनी मान वर केली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, टेंभेकरांकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे. पेन कागदावर टेकलेलंच होतं, तिथे शाईचा ठिपका मोठा होत होता. आता खोलीत सगळ्यांना माहीत होतं, आणि टेंभेकरांना ते सगळ्यांच्या चेहऱ्यांवर वाचता येत होतं. चेहरे वाचण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता.

ते माझ्याकडे पाहत राहिले. आरोपी मी, तक्रारदार ते, आणि प्रश्न माझ्याच तोंडून आला होता. बहुधा तेव्हाच त्यांना सगळे रविवार एकदम आठवले असावेत. किंवा नसतील. मी त्यांच्या मनात नव्हते.

मग ते बारलिंग्यांकडे वळले आणि कोर्टात बोलावं तसं, खणखणीत बोलले.

"ये म्हणालो."

बारलिंगे म्हणाले, तक्रारीत तर उलट लिहिलंय. या वेळी त्यांनी मान वर ठेवली होती आणि तोंड जरा जास्तच उघडत होते.

"तक्रारीत चूक आहे. मी मागे घेतो. मुलीला मी बोलावलं. लिहून घ्या, तिच्या बापानं तिला बोलावलं. तारीख घाला. उद्या मला हा कागद लागेल."

"आणि या बाईंचा खुलासा?"

"त्यांचं त्या जाणोत."

बारलिंग्यांनी ते तसंच उतरवलं, टेंभेकरांनी सही केली, आणि दुपारच्या पॅसेंजरने साहेब नागपूरला परत गेले. मला ताकीद मिळाली. कारणाच्या रकान्यात त्यांनी बराच विचार करून 'संभाषण वेळेआधी तोडले' असं लिहिलं. ते मात्र अगदी खरं होतं. नोकरी टिकली, कायम झाली, आणि मी पुढे एकतीस वर्षं खात्यात होते. टेंभेकरांनी पावसाळ्याअखेर कोर्ट सोडलं. घरी बसून दस्तऐवज करून द्यायचे. लोक म्हणत, मुलीच्या प्रकरणाने खचले. कुंदाने वर्ध्याला नोकरी धरली. आम्ही एकमेकींना ओळखू लागलो ती त्याच काळात.

पण मला त्या सोमवारबद्दल सांगायचं आहे, त्यातल्या शेवटच्या काही मिनिटांबद्दल. साहेब निघून गेले होते. मॅडम त्यांना पोचवायला फाटकापर्यंत गेल्या होत्या. टेंभेकर खुर्चीतच बसून होते. माझी पाळी सुरू झाली होती, मी बोर्डाकडे निघाले, तर ते म्हणाले, "बाई."

मी थांबले. ते माझ्या तोंडाकडे पाहत होते, पण आता लपवत नव्हते.

"दर रविवारी ती काय म्हणायची?"

"मी तुम्हाला सांगायची तेच. ठीक आहे."

"तेवढंच?"

"शब्द तेवढाच."

"म्हणजे?"

मी म्हटलं, "त्याच्याआधी ती थांबायची."

हे मी त्याआधी कोणाला सांगितलं नव्हतं. मॅडमना नाही, तिसऱ्या कागदालाही नाही. प्रत्येक रविवारी, ठीक आहे म्हणायच्या आधी. पहिल्या महिन्यात अगदी थोडं, जेमतेम एक श्वास. पुढे वाढत गेलं. पलीकडे घड्याळाची टिकटिक ऐकू यायची, कोणाच्या तरी बांगड्या वाजायच्या, आणि कुंदा थांबलेली असायची. मग ठीक आहे. मी ते पोचवलं नाही. पोचवायचं कसं? 'ते म्हणतायत' याच्यापुढे लावायला काही नव्हतंच.

"किती थांबायची?" त्यांनी विचारलं.

मला आकडा सांगता आला असता. सेकंद मोजणं हेच तर आमचं काम. पण मी साहेबांची खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले, माझ्या चेहऱ्यावर खिडकीचा उजेड पडेल अशी. म्हटलं, "तुम्ही विचारा. रविवारी विचारायचात तसं."

ते जरा गोंधळले. मग त्यांनी विचारलं, रविवारच्याच मोठ्या, आनंदी आवाजात. "कुंदा, सगळं ठीक आहे ना?"

मी गप्प राहिले.

ते माझ्या ओठांकडे पाहत होते. ओठ मिटलेले होते. बाहेरच्या खोलीत बोर्डावरची मुलगी कोणाला तरी नंबर विचारत होती, दोर खुपसल्याचे आवाज येत होते. मी मनात मोजत होते. फेब्रुवारीतल्या शेवटच्या रविवाराइतकं थांबायचं होतं. त्यांनी एकदा माझ्या डोळ्यांकडे पाहिलं, पुन्हा ओठांकडे. त्यांचा हात टेबलावर होता, तो कड धरून होता.

ठीक आहे म्हणायला अजून बराच वेळ होता, तेवढ्यात ते उठले आणि व्हरांड्याकडे, कुंदाच्या बाकाकडे गेले.